लेकराचा हात धरू नका, ब्रशची मूठ जाड करा

बीड आणि लातूरच्या हद्दीवरच्या एका गावात आम्ही दर रविवारी सकाळी दिव्यांग लेकरांसोबत माती, रंग, वाद्यं आणि सोंगांचा वर्ग घेतो. आपल्याही गावात असं काही सुरू करावं असं ज्यांना वाटतं, त्या शिक्षकांसाठी, अंगणवाडीताईंसाठी, कॉलेजातल्या पोरापोरींसाठी आणि आईबापांसाठी हे लिहितेय. तुम्हाला चित्रकला आली पाहिजे असं काही नाही. लेकराला जमेना असं दिसलं की आपला हात आपोआप त्याच्या हातावर जातो, तेवढा आवरता आला पाहिजे.

पहिल्या वर्षी पोळ्याला मी हीच चूक केली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हातापायांवर नीट ताबा न राहणं) असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीचा हात हातात धरून मी मातीचा बैल करून घेतला. शिंगं, वशिंड, शेपूट, सगळं झकास. तिच्या आईने फोटो काढला. मुलीने हात सोडवून घेतला, कशीबशी मूठ वळली आणि बैलाच्या पाठीत खुपसली. मग खदखदून हसली. पाठीतला तो खड्डा तेवढा तिचा होता, बाकी अख्खा बैल माझा होता.

आधी लेकरांना भेटा, सामान नंतर आणा

‘आमच्या गावात अशी लेकरं नाहीत हो’ हे वाक्य सरपंचापासून सगळे म्हणतात. लेकरं असतात, घरात असतात. आशाताईला विचारा, अंगणवाडी सेविकेला विचारा, जिल्हा परिषद शाळेत विचारा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. शाळेत येऊ न शकणाऱ्या लेकरांना घरी जाऊन शिकवायचं कामही त्यांच्याकडे असतं, त्यामुळे कोणत्या वाड्यावर कोण आहे हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता (ऑटिझम) आहे, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, वाचन-लेखनात अडखळायला लावणारी अध्ययन अक्षमताही आहे. म्हणजे वरून धडधाकट दिसणारं लेकरूही तुमच्याकडे येईल. त्याला ‘तुला काय झालंय?’ असं सगळ्यांसमोर विचारू नका.

वर्ग सुरू करण्याआधी प्रत्येक घरी एकदा तरी जाऊन या. चहा घ्या, बसा, घाई करू नका. आईला विचारा: लेकरू कशाला हात घालतं, कशापासून पळतं? फीट येते का, शेवटची कधी आली? गोळ्या चालू आहेत का? घास गिळताना ठसका लागतो का? वस्तू तोंडात घालतं का? शी-शूचं कसं सांगतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ कसं सांगतं? आमच्याकडे एक मुलगा ‘हो’साठी डोळे वर करतो, ‘नाही’साठी ओठ मिटतो. हे त्याच्या आजीला माहीत होतं. शाळेत तीन वर्षं कुणाला माहीत नव्हतं.

ऐकू न येणाऱ्या लेकरांच्या घरी तर वही घेऊनच जा. ज्यांच्या घरात सांकेतिक भाषा कुणी शिकलेलं नाही, त्या घराने स्वतःच्या खुणा तयार केलेल्या असतात. भाकरी, शेत, मामा, पाऊस यांची खूण त्या घरची वेगळी असते. त्या आधी शिकून घ्या. सोबत भारतीय सांकेतिक भाषाही थोडी थोडी शिका. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश केलेला आहे, तो मोबाईलवर बघता येतो. दर आठवड्याला पाच खुणा आणि त्या सगळ्या वर्गाने शिकायच्या, बोलणाऱ्या लेकरांनीसुद्धा.

वर्षाचं गणित मांडताना ऊसतोडीचा हंगाम विसरू नका. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. काही लेकरं आईबापासोबत फडावर जातात, काही आजी-आजोबांकडे राहतात. ज्या लेकराची आई सहा महिने गावात नसते, त्याला वर्गात आणणार कोण, हे ऑक्टोबरमध्येच ठरवून ठेवा. आमच्याकडे एक रिक्षावाले मामा ते काम करतात, त्यांना पेट्रोलचे पैसे देतो.

जागा आणि वेळ

समाजमंदिर, शाळेची खोली, देवळाचा सभामंडप, काहीही चालेल. पण आधी पायऱ्या बघा. पायरी जितकी उंच, त्याच्या बारा पट लांब उतार लागतो, म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट. गावातला वेल्डर किंवा सुतार ते करून देतो. चार पोरांनी व्हीलचेअर उचलून आत नेणं हा पर्याय धरू नका. मोठ्या होणाऱ्या पोराला तसं सगळ्यांसमोर उचललेलं आवडत नाही. संडास जवळ आहे का तेही बघा, नाहीतर मोठ्या मुली यायच्या बंद होतात आणि कारण कुणी सांगत नाही.

पत्र्याचं छत असेल तर पावसाळ्याआधी दुसरी जागा शोधा. पत्र्यावरचा पाऊस आपल्याला गोड वाटतो, पण स्वमग्न लेकराला आणि कानाला मशीन लावलेल्या लेकराला तो आवाज सोसत नाही. उन्हाळ्यात आठला सुरू करून साडेनऊला घरी पाठवा; चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि व्हीलचेअरच्या लोखंडाचा चटका बसतो. कमरेखाली संवेदना नसलेल्या लेकराला चटका कळतही नाही, म्हणून सीटवर आणि पायटेकणीवर गोधडी घाला.

बोलताना खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, तुमचं तोंड अंधारात जातं. ऐकू न येणाऱ्या लेकराला ओठ आणि चेहरा दिसला पाहिजे. सुरुवातीला सहा ते आठ लेकरं आणि तीन मोठी माणसं, पाऊण तास, एवढंच ठेवा. भावंडं आली तर त्यांनाही बसू द्या, पण त्यांना ‘मदतनीस’ करू नका. घरी ती तेच करतात.

सामान बदला

लेकराला ब्रश धरता येत नसेल तर ब्रश बदलायचा. सायकलच्या दुकानात हँडलची जुनी रबरी ग्रिप मिळते. तिच्यात चिंध्या कोंबून मधोमध ब्रश घट्ट बसवला की मुठीत मावेल असा जाड दांडा होतो. ग्रिपवर खाचा असतात, त्यामुळे घामाने निसटत नाही. बोटं मिटतच नसतील तर तळहाताभोवती इलॅस्टिकचा पट्टा शिवून त्यात ब्रश अडकवा. पट्टा सैल ठेवा, दर दहा मिनिटांनी काढून वळ उठलेत का ते बघा. जुनी सायकलची ट्यूब कापून ताटलीखाली ठेवली की ताटली सरकत नाही. कागद चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीने पाटावर लावा, पाट थोडा उताराने ठेवा. लेकरू खुर्चीत बसणार असेल तर त्याचे तळवे टेकले पाहिजेत. लोंबकळत्या पायांनी हात स्थिर होत नाही. पाय पोचत नसतील तर खाली विटा रचा.

डोळ्यांनी दिसत नाही अशा लेकरासाठी खिडकीला लावतात ती डासांची जाळी फुटभर आणा, प्लायच्या तुकड्यावर ताणून ठोका, कडांना कापड चिकटवा. त्यावर पातळ कागद ठेवून मेणाच्या खडूने दाबून रेघ ओढली की रेघ खरखरीत उठते. बोट फिरवलं की आपण काय काढलं ते लेकराला स्वतःला कळतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा एका मुलाने तीच रेघ वीस-पंचवीस वेळा चाचपली, पुन्हा पुन्हा. आम्ही त्या दिवशी दुसरं काही घेतलंच नाही.

थोडं दिसत असेल तर उलट: काळ्या ताटात पांढरी रांगोळी, पिवळ्यावर काळं, ठळक आणि मोठं.

ओलं काही हाताला लागलेलं ज्यांना सहन होत नाही, अशी लेकरं नक्की असतील. त्यांना चिखलात हात घालायला लावू नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत दोन रंग घाला, हवा काढून तोंड चिकटपट्टीने बंद करा, बाहेरून बोटं फिरवू द्या. काही महिन्यांनी त्यातली काही आपणहून पिशवी बाजूला ठेवतात, काही कधीच ठेवत नाहीत. दोन्ही चालतं.

पायाने रंगवणारं लेकरू असेल तर घरच्यांशी आधी बोला. आपल्याकडे कागदाला पाय लावत नाहीत. एका आजीने नातवाला अडवलं होतं, ‘सरस्वती हाय ती’. आम्ही वाद घातला नाही. दोन रविवार आजी नुसती बघत बसली. तिसऱ्या रविवारी तिने स्वतः कागदाला नमस्कार केला, नातवाकडूनही मान लववून नमस्कार करवून घेतला, आणि मग म्हणाली, ‘आता काढ’. अजूनही प्रत्येक चित्राआधी ते दोघं तसंच करतात.

माती

मातीपासून सुरुवात करा असं मी सगळ्यांना सांगते, कारण मातीत चूक होत नाही. पण शेतातली काळी माती उचलून आणू नका. ती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात तशा बैलालाही दोन दिवसांत पडतात. कुंभाराकडून मळलेली माती घ्या. ते जमत नसेल तर तळ्यातली गाळाची माती आणा, चाळा, दोन दिवस भिजवा आणि मळताना त्यात कापसाचे पिंजलेले तंतू घाला. तंतूंनी माती धरून राहते. कापूस आपल्याकडे घरोघर आहेच.

थंडीच्या दिवसांत माती कोमट पाण्याने मळा. गारठ्याने कडक झालेले हात आणखी आखडतात. प्रत्येकाला नारळाएवढा गोळा द्या, छोटी गोळी नको. मोठ्या गोळ्यावर कोपर, मनगट, अख्खा तळहात काम करतो. मग गप्प बसा. खरंच गप्प. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. काही लेकरांना सूचना ऐकून हात हलवायला तेवढा वेळ लागतोच, आणि आपण पाचव्या आकड्याला मदतीला धावतो. मदत हवीच असेल तर तुमचा हात त्याच्या हाताच्या खाली ठेवा, वर नको. तुमच्या हातावर त्याचा हात राहिला की तुम्ही काय करताय ते त्याला जाणवतं आणि नको वाटलं तर तो कधीही उचलून घेऊ शकतो. ज्यांना ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही, त्यांच्याशी बोलायची हीच रीत आहे.

बैलच व्हायला पाहिजे असं काही नाही. पोळ्याला आमच्या वर्गात बैल होतात, तशीच नुसती भोकं, नुसत्या वळ्या आणि एकदा एक भली मोठी भाकरीही झाली. सगळ्यांना गेरू लावून मिरवणुकीत नेतो.

तोंडात घालणाऱ्या लेकराला माती नको. त्याला कणकेचा गोळा द्या, त्यात हळद किंवा बीटचा रस घाला, मीठ घालू नका. टिकण्यासाठी जो मिठाचा गोळा करतात, त्यातलं मीठ पोटात गेलं तर बाधतं.

हलगी

ऐकू न येणाऱ्या लेकरांना संगीत नको असं ज्यांना वाटतं, त्यांनी हलगी वाजत असताना तिच्या कड्याला हात लावून बघावं. ठोका आधी हातात येतो, मग छातीत. गावातल्या हलगीवाल्या काकांना बोलवा आणि त्यांचे पैसे द्या, ‘समाजकार्य’ म्हणून फुकट बोलावू नका. हलगी शेकून ताणली की तिचं कातडं बोलतं. ते शेकणं लेकरांना दाखवा, विस्तवापासून लांब बसवून.

ऐकू न येणारी लेकरं लाकडी पाटावर अनवाणी बसवा, पाटाला हलगी टेकवा. दुसरी सोय म्हणजे फुगा: फुगवून दोन्ही हातांत हलका धरायला द्या, ठोका फुग्यात थरथरतो. आधी एक ठोका, एक टाळी. मग दोन. चालीचं नाव घेऊ नका, चाल हातात येऊ द्या.

पण वर्गात सेरेब्रल पाल्सीचं किंवा स्वमग्न लेकरू असेल तर हलगी एकदम वाजवायची नाही. अचानक आवाज झाला की त्यांचं अंग दचकून ताठ होतं. काकांना आधी नुसत्या बोटांनी वाजवायला सांगा, लेकराला दिसेल असं. दाराजवळ एक शांत कोपरा ठेवा, तिथे पळून गेलेल्याला परत ओढून आणू नका.

सोंग, हळद, तांड्यावरचं कापड

सोंगासाठी भारुडासारखा ठेवा आपल्या दाराशी आहे, पैठण आपलंच. फक्त एक जपा. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका अशीही सोंगं आहेत. ती रूपकं आहेत हे मोठ्यांना कळतं. पण ज्या लेकराला रस्त्यात कुणी ‘ए मुक्या’ म्हणतं, त्याला गंमत म्हणूनसुद्धा ते सोंग देऊ नका. त्याला वासुदेव करा, मोरपिसांची टोपी द्या. संवाद पाठ होत नसतील तर सोंगाला संवादच नकोत.

हळदीचा खेळ सोपा आहे. वसमतकडची चांगली हळद पाण्यात कालवून कागदावर फासा, वाळवा. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून त्यावर चित्र काढा, पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते. जुने कपडे घालून यायला सांगा. वेळ अमावस्येला शेतात पुजतात ते पांडवांचे दगड रंगवायचे झाले तर चुना मोठ्यांनीच हाताळावा, डोळ्यात गेला तर डोळा जातो. लेकरांना गेरू आणि पांढरी माती द्या.

जवळ बंजारा तांडा असेल तर एखाद्या आजीला तिची जुनी ओढणी घेऊन बोलवा. आरसे, कवड्या, टाके, गोंडे. न दिसणाऱ्या मुली ते कापड बोटांनी वाचत जातात आणि कुठला टाका पुन्हा आला ते सांगतात.

सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना लहान करू नका

अठरा वर्षांच्या मुलाला ससा रंगवायला दिला की तो पुढच्या रविवारी येत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व असलं तरी वय अठराच असतं. त्यांना मोबाईल द्या. अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक असतं, ते सुरू केलं की न दिसणारं पोर फोन स्वतः चालवतं. आमच्या दोघांनी गावाची ‘आवाजाची गोष्ट’ केली: पहाटेची पिठाची गिरणी, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, एसटी स्टँडवरची गर्दी, शेवटी विहिरीत पडलेला खडा. पावणेचार मिनिटं. ज्यांना पुढे जायचंय त्यांना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांची माहिती शाळेतून काढून द्या. दिवाळीला पणत्या रंगवून विकायच्या असतील तर पैसे कुणाच्या हातात जाणार, हे आधी त्यांच्याशीच बोलून ठरवा.

फीट आली तर

हे सगळ्या मदतनिसांना पहिल्याच दिवशी सांगा. घड्याळ बघा. लेकराला कुशीवर वळवा, आजूबाजूची टणक वस्तू काढा, डोक्याखाली ओढणी ठेवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवायला कुणीतरी पळत येईलच, त्याला प्रेमाने बाजूला करा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन लावा.

एकट्या मोठ्या माणसाने एकट्या लेकरासोबत बंद खोलीत राहायचं नाही, हा नियम माझ्यासकट सगळ्यांना. काही वावगं दिसलं तर चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८. फोटोसाठी आईबापांची परवानगी तर घ्याच, लेकरालाही विचारा. ‘बिचारं लेकरू’ असं लिहून स्टेटसला टाकायचं असेल तर फोटो काढूच नका.

पैसा

एका वर्गाला महागडं काही लागत नाही. तरी ग्रामपंचायतीकडे जा: स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी तिने दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २०१६ च्या कायद्याचं कलम २९ दिव्यांगांच्या सांस्कृतिक जीवनाबद्दल आणि मनोरंजनाबद्दल आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. पोरांची दिव्यांगत्वाची ओळखपत्रं काढलेली नसतील तर त्या निमित्ताने काढून घ्या, पण कार्ड नाही म्हणून कुणाला वर्गातून परत पाठवू नका.

३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, चित्रं लावायला बोलावतील. जा. चित्राखाली लेकराचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, आजाराचं नाव लिहू नका. उठावाच्या चित्राशेजारी ‘हात लावा’ अशी पाटी ठेवा.

आणि एक वही ठेवा. वर्ग संपला की हात धुण्याआधी दोन ओळी. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: ‘ढोबळी मूठ नको म्हणाला, ग्रिप उलटी करून दिली, चाललं. पाणी सांडलं, ते आवडलं. लाल नाही, फक्त पाणी. अकरा मिनिटं.’ पुढच्या रविवारी त्याच्यासमोर रंग ठेवले नाहीत. काळी पाटी, पाण्याचा तांब्या आणि तीच उलटी ग्रिप ठेवली.